आली तितकीच माणसं

अणदूर, आषाढ शुद्ध ६, शके १८७०

ती. शांताक्कास रुद्रीचे शरणार्थ.

दहा वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. दोन कागद फाडले, हा तिसरा. चौथा फाडण्याइतकी मी उधळी नाही, म्हणून जसं उतरेल तसं पाठवते. पत्र आणणारी अजीजाबी आमच्या गल्लीतली मनियारीण. बांगड्यांचा माल आणायला ती सोलापूरला येते-जाते. टपालात टाकलं नाही, कारण हल्ली इथली पत्रं आधी दुसरेच वाचतात.

इकडचं तुझ्या कानावर असेलच. हे चैत्रात घरातून गेले, ते निजामाच्या हद्दीपलीकडं, लढणाऱ्यांच्या छावणीत आहेत. तेव्हापासून रझाकारांतला एक माणूस दर चार दिवसांनी येऊन आमच्या ओट्यावर बसतो. मला काही विचारत नाही. संगीला विचारतो, "बेटी, बाप कुठं हाय?" संगी आठ वर्षांची. बाप कुठं आहे ते तिला माहीत आहे, आणि तिला खोटं बोलता येत नाही. आजवर ती पाणी आणायचं निमित्त करून आत पळाली. किती वेळा पळेल? पलीकडच्या एका गावात बाप सापडेना म्हणून पोराला उचलून दोन दिवस चावडीत बसवलं. तिसऱ्या दिवशी बाप आपल्या पायानं आला.

मला हलता येत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना टाकून जाऊ म्हटलं तर लिंगपूजेला बसायला तोंड राहणार नाही.

आक्का, संगीला तुझ्याकडं ठेवून घेशील का? पोर आवाज करत नाही. जेवण चिमणीएवढं. डोळे घारीसारखे आहेत, लांबचं-जवळचं सगळं दिसतं.

ठेवून घेशील तर तसा कागद करून दे. हसू नकोस. आमचा खंडोबा दर साली थंडीत नळदुर्गाला मुक्कामाला जातो, तेव्हा दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात, की अमुक दिवशी देव परत देऊ. देवाचा कागद होतो, मग पोरीचा का नको?

नळदुर्गाचं नाव निघालंच म्हणून लिहिते. त्या दिवशी तिथल्या किल्ल्यात, पाणी महालाच्या पायरीवर तुझा पाय घसरला आणि पुढं जे व्हायचं ते झालं. देवाच्या मनात होतं. आता ते उगाळण्यात अर्थ नाही.

तुझी,
रुद्री


अणदूर, आषाढ शुद्ध १४

ती. आक्कास शरणार्थ.

तुझं उत्तर मिळालं. एकच ओळ. "पाय घसरला नव्हता. खरं लिही, मग पोरीचं बघू."

बरं. लिहिते.

तू अठरा वर्षांची, मी सोळा. मी नुकतीच मॅट्रिक झालेली. तुला फळा दिसत नव्हता म्हणून तुझी शाळा चौथीतच सुटलेली. तुला दिसत नाही हे आपल्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि चष्मा लावलेली पोरगी कोण करणार म्हणून चष्माही आणायचा नाही. तू चष्मा घेतलास, शिकून मास्तरीण झालीस, ते सगळं नंतरचं. अणदूरचं स्थळ आलं. आपण सोलापूरचे, ते इकडचे, किल्ला मधोमध. अप्पा म्हणाले, बघण्याचा कार्यक्रम म्हणायचंच नाही. श्रावणात सगळेच जातात नळदुर्गाला, बंधाऱ्यावरून पडणारं नर-मादीचं पाणी बघायला. आपण जाऊ, तेही येतील, सहज गाठ पडेल. नकार आला तरी तो नकार धरायचा नाही, सहल झाली म्हणायचं.

आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "शांतीचा हात धर. पायऱ्या तू मोज, ती चालेल. कुणाला कळायला नको." मी दिवसभर धरला. दरवाजातून आत, उपळ्या बुरुजावर चढून खाली, सगळीकडं. मैत्रिणी चालतात तसं. ह्यांची आत्या म्हणालीसुद्धा, "भैनी-भैनींची माया बघा."

मग बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणी महालात उतरताना शेवटी शेवटी अंधार होता, दगड शेवाळलेला होता, आणि हात सुटला. एवढंच. मलाही वाईट वाटलं. फार वाटलं.

काल तो माणूस आला तेव्हा संगीसाठी खडीसाखर घेऊन आला होता. तिनं घेतली नाही. तो म्हणाला, "चार दिवसांनी घेशील." ह्याचा अर्थ काय ते मला कळत नाही, आणि कळतंही. लवकर कळव.

रुद्री


अणदूर, आषाढ वद्य ९

आक्का,

तू उत्तर दिलं नाहीस. अजीजाबी रिकाम्या हातानं आली. मी विचारलं, "वाचलं तरी का तिनं?" तर म्हणाली, "वाचलं की. चष्मा पुसून वाचलं. मग घडी घातली अन् म्हनली, न्हाय झालं अजून." मग वर मलाच म्हणते, "काय न्हाय झालं गं? तुमी दोगी बहिनी हाव का तांदळातले खडे? दोगी बी शिजंना."

आज सोमवार नाही तरी उपास धरला, दोनदा लिंगपूजा केली, आणि आता लिहिते. खोटं लिहिलं तर ह्याच हातानं उद्या विभूती लावायची आहे.

हात सुटला नाही. मी सोडला.

तीन पायऱ्या राहिल्या होत्या. मी मोजत होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे. हे खाली खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वळून तुला विचारलं, "पाण्याची भीती वाटत न्हाय न्हवं?" तू म्हणालीस, "दिसलं तर भीती." सगळे हसले, हेही हसले. कुणाला कळलं नाही की तू खरंच सांगत होतीस. तुझ्या तोंडून इतकं झकास उत्तर निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

सकाळपासून मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. तालुक्यात पोरी मॅट्रिक झालेल्या किती होत्या तेव्हा? मी होते. आणि मला तिथं काठी म्हणून आणलं होतं. मला वाटलं, काठी बाजूला झाली तर काय होईल ते एकदा बघू दे सगळ्यांना. एवढंच वाटलं. तू एवढ्या जोरानं पडशील, हनुवटी फुटेल, आत्या "पोरीला दिसत न्हाय की हो!" म्हणून ओरडेल, ह्यातलं काही मी धरलं नव्हतं. पण पुढं महिन्याभरानं धाकटीला मागणी आली, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. तेही मीच.

अप्पांना मी "पाय घसरला" असं सांगितलं. तू जवळच पडून होतीस, हनुवटीला फडकं दाबून. तू ऐकलंस आणि बोलली नाहीस. दहा वर्षं मला त्या न बोलण्याचाच राग होता.

झालं. आता तुला हवं ते ठरव. पण माझ्यावरचा राग पोरीवर काढू नकोस एवढं तरी मागू का? नाही मागत. तू ठरव.

रुद्रम्मा


अणदूर, श्रावण शुद्ध ६

आक्का,

कालचा दिवस उलटला. तू पोहोचलीस की नाही हे मला अजून माहीत नाही. कालचं तुला काय सांगायचं, तू तिथंच होतीस. पण आधीचं आणि नंतरचं तुला माहीत नाही, आणि मधलं तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते. लिहिलं नाही तर मी घरभर फिरत राहते.

"नागपंचमीला नळदुर्ग, पाणी महाल" एवढाच निरोप तू पाठवलास. जागा तू निवडलीस, तीही तीच, हे मी दोनदा वाचलं. अजीजाबी मात्र खूश. "सणाला बायका किल्ल्यात झोके बांधत्यात, फुगड्या घालत्यात. गर्दीत गर्दी. माझं बी दुकान होतंय."

पुरणाची दिंडं उकडून घेतली, लाह्या घेतल्या. बोचकं नाही, वळकटी नाही. सामान दिसलं की पळपुटे ठरतो. दादामियाँनी, म्हणजे अजीजाबीच्या घरवाल्यांनी, भल्या सकाळी बैलगाडी जुंपली. सासूबाईंपाशी शेजारच्या सारजाबाईंना बसवलं. वाटेत अजीजाबीनं सगळं समजावलं. तिचा दीर गफार तुला आणि त्याच्या सोलापुरातल्या पुतणीला, मुनवरला, सोलापूरकडून गाडीनं आणणार. हद्दीच्या नाक्यावर माणसं मोजून लिहितात, दोन बाया की तीन, पोरं किती. "आली तितकीच मानसं परत गेली पायजेत. एक ज्यास्त न्हाय, एक कमी न्हाय. मुनवर हितं ऱ्हाईल माझ्यापाशी, संगी मुनवर हून जाईल." अणदुरातही तसंच. चावडीसमोर तो माणूस बसलेला असतो. मी एक पोर घेऊन निघाले, एक पोर घेऊनच परत यायला हवं.

संगीला गाडीतच सांगितलं. ती रडली नाही. "परत कधी?" एवढंच विचारलं. म्हटलं, "थंडीत. देव नळदुर्गाला येईल तेव्हा." ती म्हणाली, "देवाचा कागद हाय. माझा हाय का?"

किल्ल्यात पोहोचलो तेव्हा ऊन-सावलीचा खेळ चालू होता. तुम्ही दुपारपर्यंत येणार, तोवर हिंडायचं. आक्का, सावकाश हिंडणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. माझे पाय आपोआप भरभर पडायचे. अजीजाबी पदर ओढायची. "फिरायला आलीस का मयताला? हस की जरा! त्यो बघ, पानी बघ, 'अगंबाई' म्हन." मी "अगंबाई" म्हटलं. ते ऐकून संगीच हसली.

उपळ्या बुरुजावर चढलो. वरून कळतं, हा किल्ला म्हणजे पाण्यात लांबवर गेलेली जमिनीची जीभ आहे. तिन्ही बाजूंनी बोरी नदीचं पाणी, मधल्या बंधाऱ्यानं तुंबून तळं झालेलं, आणि पलीकडं रणमंडळ ह्या जोडकिल्ल्याच्या भिंती. तळ्यावर ढगांच्या सावल्या चालल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी मी ह्यातलं काही बघितलं नव्हतं, तेव्हा मी पायऱ्या मोजत होते. काल बघितलं, पण डोळे सारखे सोलापूरच्या वाटेवर. संगी म्हणाली, "आई, पांढरे बगळे बघ, सात हायत." मी म्हटलं, "गाडी दिसती का बघ." तिनं बिचारीनं बगळे सोडले आणि गाड्या बघायला लागली.

खाली चिंचेला झोके बांधले होते. संगी झोक्यावर बसली, मी दिंडं वाटली. दुपार झाली, कलली. गाडी नाही. एक पहारेवाला जवान आमच्याभोवती दुसऱ्यांदा चक्कर मारून गेला. तिसऱ्यांदा येऊन उभाच राहिला. "कहाँ से आए? कब से बैठे हो?" माझ्या हातातलं दिंड चुरगळलं. अजीजाबीनं मात्र टोपली पुढं ओढली. "बांगड्या इकायला आली, भाई. तू बी घे की. बीवीचा हात केवढा हाय?" त्यानं अवघडून आपली चार बोटं जुळवून दाखवली. "एवढा? अरे, मग तिला बांगड्या नकोत, तुला वळण लावायला लाटणं दे!" भोवतीच्या बाया फिदीफिदी हसल्या. तो लाजून सहा हिरव्या बांगड्या घेऊन गेला. ती मला हळूच म्हणाली, "बग, त्याला बी कुनाची तरी आठवन हाय."

मग तू आलीस.

मी तुला लांबून ओळखलं नाही हे कबूल करते. केस ह्या वयातच पिकलेले, पाठ ताठ, चष्मा. जवळ आल्यावर हनुवटीवरचा वण दिसला, आणि मग दुसरं काही दिसेना. वाटलं होतं, तू बोलशील, निदान मारशील. तू पिशवीतून कागद काढलास. "संगव्वा महांतप्पा हिला आज घेऊन जाते. नेली तशी परत आणून देईन. शांतम्मा." खाली माझी सही, अजीजाबीचा अंगठा. संगीनं तो कागद स्वतः वाचला आणि मग माझ्या हातात दिला.

नंतर तू चष्मा काढलास, माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, "धर. आता चल, ने मला खाली."

अजीजाबीला वाटलं तू वेडी झालीस. "अवं बाई, येळ काय, तुमी करता काय!" पण मला कळलं. चष्मा पदराला गाठ मारून बांधला आणि तुझा हात धरला. तुझा हात खडूनं खरखरीत झालाय. पाणी पडून पायऱ्या तशाच ओल्या होत्या. मी मोठ्यानं मोजत होते. तू प्रत्येक पायरीला सगळा भार माझ्यावर टाकत होतीस, मुद्दाम. तीन राहिल्या तेव्हा तूच थांबलीस.

"इथंच न्हवं?"

"इथंच."

"चल मग."

आक्का, त्या तीन पायऱ्यांवर माझी बोटं इतकी घट्ट होती की तुझ्या बांगडीची काच माझ्या हातात रुतली. अजून दुखतंय. दुखू दे.

खाली खिडकीपाशी तू विचारलंस, "मला नुसतं पांढरं दिसतंय. काय हाय सांग." मी सांगितलं, नर उजव्या अंगाला, जाड सोट पडतोय. मादी डावीकडं, जरा विरळ, वाऱ्यानं उडतीय. खाली उकळल्यासारखा फेस आहे. उन्हाची तिरीप आली की फेसावर रंग उमटतात. तू म्हणालीस, "हे तवाच सांगायचं होतंस. तेवढंच तुझं काम होतं." आणि हसलीस. मला तोंड लपवायला जागा नव्हती, तुला दिसत नाही म्हणून मी तसंच रडून घेतलं.

तेवढ्यात वरून गफार ओरडला, "चला, नाका बंद होईल!" पुढची सगळी पळापळ. महालाच्या कोपऱ्यात अजीजाबीनं पोरींचे कपडे बदलले. मुनवरची सलवार संगीला लांब होती. कात्री होती तिच्याजवळ, पण नागपंचमीला कापायचं नाही, मी हात धरला. खालून दुमडून घेतली. मग संगीच्या गळ्यातलं इष्टलिंग. ते काढायचं नाही, आणि नाक्यावर कुणाला दिसायचंही नाही. माझं डोकं चालेना. अजीजाबीनं लिंगाचं वस्त्र बाहीच्या आत तिच्या दंडाला बांधलं. "कुनी चाचपलं तर तावीज हाय म्हनायचं. खोटं न्हाय त्ये. वर देव येकच हाय, खाली शिपाई शंभर." संगी म्हणाली, "तावीज म्हनीन. त्यानं बी राखन होती." मग तिनं तुझा हात धरला आणि तुम्ही वर गेलात. मी मागं राहिले, लोकांना दिसायला नको म्हणून.

मुनवर गाडीत माझ्या मांडीवर झोपली. चावडीसमोर तो माणूस होताच. गाडीत डोकावला. एक बाई मी, एक मनियारीण, परकर नेसलेली एक झोपलेली पोर. "घूम आए?" मी म्हटलं, "पाणी छान होतं." दादामियाँनी बैलाला चुचकारलं आणि गाडी पुढं गेली.

घरी येऊन पदर सोडला तर गाठीत तुझा चष्मा.

आक्का, मी पुन्हा तेच केलं. तुला तशीच सोडली. डोळ्यांशिवाय, नाक्यावर, परक्या पोरीच्या नावाची पोर घेऊन. मागून पळत जाणार होते, दादामियाँनी अडवलं. रात्रभर मी तो चष्मा देव्हाऱ्यापाशी ठेवून बसले. तू मागितला का नाहीस? मी विसरले. पण ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही तो चष्मा कसा विसरेल?

कळव. काहीही कळव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

रुद्री


अणदूर, श्रावण वद्य १

ती. आक्कास आणि चि. संगीस.

पत्र मिळालं. अजीजाबीनं पाकीट हातात दिलं, त्यावरचं अक्षर बघून मी दारातच बसले. तुझं अक्षर नव्हतं, संगीचं होतं. वर लिहिलंय, "मावशी सांगती ते मी लिहिते." आणि मग तुझं बोलणं, तुझ्या आवाजासकट.

"रुद्रे, चष्मा विसरले न्हाय. ठेवून आले. देवाला कागद पुरतो, देव वाटंत धडपडत न्हाय. मानसाचं काहीतरी मानसापाशी राहायला पायजे, तरच मानूस परत येतंय. नाक्यावर पोरीनं मला हात धरून उतरवलं, चढवलं. शिपाई म्हनला, ही कोन? पोरगी म्हनली, 'ह्यांना दिसत न्हाय, मी ह्यांचा हात धरलाय.' खोटं एक अक्षर बोलली न्हाय. त्यानं एक गडी, एक बाई, एक पोर लिहिलं अन् सोडलं. शाळंत जुना दोरी बांधलेला चष्मा चालवते, त्यानं फळा दिसतो, वाट दिसत न्हाय. जाता-येता पोर नेते. पायऱ्या मोजते, मोठ्यानं. हे तिला कुनी शिकवलं?"

आणि त्याखाली संगीनं आपल्या मनानं लिहिलंय, "आई, मी हात सोडत नाही."

परवा तो माणूस आला. ओट्यावर बसला, इकडं तिकडं बघितलं, म्हणाला, "बेटी कुठं हाय?" मी म्हटलं, "मावशीकडं पाठवली. माझी थोरली बहीण आहे, मास्तरीण. पोर तिच्याकडं शिकते." सगळं खरं. तो खडीसाखरेची पुडी ओट्यावर ठेवून गेला. मुनवरला दिली नाही मी, मुंग्यांना घातली. पुन्हा येईल. मी आहे.

तुझा चष्मा मी रोज मऊ फडक्यानं पुसते. काल एकदा डोळ्याला लावून बघितला. सगळं फिरलं, भिंत जवळ आली, उंबरा दोन दिसले. तू एवढ्यातून चालत होतीस, आणि तेव्हा तर हाही नव्हता.

थंडीत देव नळदुर्गाला जाईल तेव्हा मी पाणी महालाच्या वरच्या पायरीवर येऊन बसेन. चष्मा घेऊन येईन. तोवर सोलापुरात नवा करू नकोस. मला ओळखतेस, मी पैशासाठी म्हणते असं तुला वाटेल. तसं वाटू दे. पण करू नकोस.

तुझी,
रुद्री